चालू की पळू? दमसास वाढवायचा तर आधी हृदयाचं गणित समजून घ्या

दमसास वाढवायला चालणं पुरतं की पळायलाच पाहिजे, हा प्रश्न सोसायटीच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून बघा, लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो रोज तासभर चाला, बास झालं, पळून गुडघ्यांची वाट कशाला लावायची. दुसरा म्हणतो धाप लागल्याशिवाय त्याला व्यायाम म्हणूच नका. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण "हे कोणासाठी" हा प्रश्न दोघंही विचारत नाहीत आणि सगळी गोची तिथेच होते. तुम्ही चालताय की पळताय हे हृदयाला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की स्नायू आत्ता किती ऑक्सिजन मागताहेत, ही मागणी आपल्या एकूण कुवतीच्या किती टक्के आहे, आणि ती किती वेळ चालू राहतेय. हे एकदा डोक्यात बसलं की स्वतःसाठी काय योग्य ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एरोबिक फिटनेस म्हणजे शरीर हवेतला ऑक्सिजन घेऊन, रक्तातून स्नायूंपर्यंत पोचवून, तिथे वापरून किती काम करू शकतं ती क्षमता. हिचं मोजमाप म्हणजे व्हीओटू मॅक्स, म्हणजे पूर्ण जोर लावलेला असताना दर मिनिटाला दर किलो वजनामागे शरीर जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं तो आकडा. ही कल्पना जवळपास १०० वर्षं जुनी आहे, ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात पळणाऱ्या माणसांवर मोजमापं करून ती मांडली. नुसतं खुर्चीत बसलेलो असतो तेव्हा आपण साधारण ३.५ मिलिलिटर वापरतो, यालाच १ मेट म्हणतात, जिमच्या ट्रेडमिलवर दिसणारं मेट ते हेच. व्यायाम न करणाऱ्या तिशीतल्या पुरुषाचं व्हीओटू मॅक्स साधारण ३५ ते ४० असतं, बायकांचं थोडं कमी, साठीकडे झुकलेल्या बैठ्या माणसाचं २०-२५ पर्यंत खाली आलेलं असू शकतं आणि जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंचं ७० ते ८५. आपल्या बीडचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा पार करत, ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळतो (पॅरिस डायमंड लीग, २०२४), म्हणजे ताशी २२ किलोमीटरचा सरासरी वेग झाला, हे मोठं इंजिन असल्याशिवाय होत नाही.

हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ही एक आणि त्या रक्तातला किती ऑक्सिजन स्नायू काढून घेऊ शकतात ही दुसरी. बसलेलो असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं, नाडी ७० आणि एका ठोक्याला ७० मिलिलिटर असा हिशोब धरा. पूर्ण जोर लावल्यावर साध्या माणसाचं हे २० लिटरच्या आसपास जातं, अव्वल खेळाडूंचं ३५ लिटरच्याही वर. आता गंमत अशी की व्यायाम करून नाडीचा कमाल आकडा वाढत नाही, तो वयाप्रमाणे हळूहळू कमीच होत जातो. वाढतं ते एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त. पहिल्या एकदोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, वाढायला लागतो त्यामुळे हृदय दर ठोक्याला जास्त भरतं, मग पुढच्या काही महिन्यांत स्नायूंमध्ये बारीक केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया, जिथे ऑक्सिजन प्रत्यक्ष वापरला जातो, त्यांची संख्या वाढते. म्हणून नियमित व्यायाम करणाऱ्याची बसल्याजागीची नाडी कमी होते, तेवढंच रक्त कमी ठोक्यांत फिरतं.

आणि हे सगळं न वापरल्यास किती पटकन जातं याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना, सगळे विशीतले, सलग तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांचं व्हीओटू मॅक्स सरासरी पाव भागाहून जास्त घसरलं. १९९६ मध्ये तीच पाच माणसं, आता पन्नाशीतली, परत तपासली तर ३० वर्षं वय वाढल्यामुळे जेवढं नुकसान झालं होतं त्याहून त्या तीन आठवड्यांनी केलेलं नुकसान जास्त होतं! पुढे त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा, जॉगिंगचा, सायकलचा व्यायाम दिला आणि वयामुळे गेलेली एरोबिक क्षमता त्यांनी परत मिळवली. म्हणजे "आता वय झालं" म्हणून आपण जे सोडून देतो त्यातलं बरंचसं वयामुळे नसतं, बसून राहिल्यामुळे असतं. पन्नाशीतल्या ज्या कोणी हे वाचताय त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचा.

आता मूळ मुद्दा, चालायला आणि पळायला ऑक्सिजन किती लागतो. चालताना आपण एका ताठ पायावरून शरीर पुढे झोकतो, एक पाय कायम जमिनीवर असतो आणि त्या झोक्यातली बरीच शक्ती परत मिळते म्हणून चालणं अतिशय स्वस्त आहे. पळताना दर पावलाला क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, अख्खं वजन वर उचलायचं आणि परत झेलायचं, टाचेमागचा जाड स्नायूबंध ताणला जाऊन थोडी शक्ती परत देतो पण तरी खर्च जास्तच. व्यायामशास्त्रात यासाठी एक सरळ सूत्र वापरतात. सपाटीवर वेग मीटर प्रति मिनिट घ्या, चालत असाल तर त्याला ०.१ ने गुणा, पळत असाल तर ०.२ ने, आणि त्यात बसल्याजागीचे ३.५ मिळवा. ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर, तर चालताना १० अधिक ३.५, झाले १३.५ मिलिलिटर. ताशी ८ किलोमीटरने पळताना, जे अगदी निवांत जॉगिंग आहे, साधारण ३०. सूत्र अंदाजी आहे, माणसागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण चित्र स्पष्ट आहे. झपझप चालणं १३-१४ वर संपतं आणि हळूतलं हळू पळणं २६-२७ पासून सुरू होतं. मध्ये मोठी दरी आहे, आणि आपल्या सगळ्या वादाचं मूळ मला विचाराल तर या दरीत आहे.

कारण आता यात माणूस घाला. समजा एक काका आहेत ५८ वर्षांचे, बँकेत खुर्चीवर आयुष्य गेलं, व्हीओटू मॅक्स २२. आणि त्यांची पुतणी ३० वर्षांची, कॉलेजात खेळलेली, तिचं ४५. दोघं ताशी साडेपाचच्या वेगाने बरोबर चालताहेत, दोघांना लागतोय तोच १२.७ मिलिलिटर. बिल एकच पण एकाच्या खिशात २२ रुपये आहेत आणि दुसरीच्या ४५. काकांचा खिसा ५८ टक्के रिकामा होतोय, पुतणीचा जेमतेम २८ टक्के. हृदय आणि स्नायू सुधारायला लागतात ते साधारणपणे कुवतीच्या ४०-५० टक्क्यांच्या वर काही वेळ काम झालं की. म्हणजे काकांसाठी हे चालणं पक्का एरोबिक व्यायाम आहे, त्यांचं व्हीओटू मॅक्स यानेच वाढेल. पुतणीला याने ताजंतवानं वाटेल, गप्पा होतील, पण तिचा दमसास याने तसूभर वाढणार नाही. उलट दोघं पळायला लागले तर पुतणी ३० मिलिलिटरवर, म्हणजे ६७ टक्क्यांवर आरामात अर्धा तास पळेल आणि काकांकडे मुळात २२ असताना त्यांना ३० मागितले जातील, ते दीडदोन मिनिटांत छाती भरून येऊन थांबतील आणि घरी येऊन म्हणतील पळणं आपल्याला झेपत नाही. त्यांची इच्छाशक्ती कमी पडली असं काही नाही हो, गणितच बसत नव्हतं.

म्हणून "चालणं पुरेसं आहे का" याचं उत्तर आजच्या तुमच्या फिटनेसवर अवलंबून आहे, आणि त्रासदायक भाग असा की ते बदलत जातं. काका सहा महिने मनापासून चालले आणि २२ चे २७ झाले तर तेच चालणं आता ४७ टक्क्यांवर आलं. अजून काही महिन्यांनी तिथेच अडकतील. हे मी आजूबाजूला फार बघतो, लोक वर्षानुवर्षं त्याच बागेत त्याच वेगाने तेवढ्याच फेऱ्या मारतात आणि मग जिना चढताना दम का लागतो म्हणून हैराण होतात. त्यांच्या चालण्याचा उपयोग होत नाही असं मुळीच नाही, फक्त शरीराने त्या मागणीशी कधीच जुळवून घेतलंय आणि नवीन काही मागितलंच जात नाहीये.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, तब्येत आणि दमसास या दोन गोष्टी एकमेकींच्या जवळच्या आहेत पण एकच नाहीत. ब्लडप्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल यांचा विचार केला तर चालणं अजिबात दुय्यम नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ३३,००० हून जास्त पळणारे आणि १५,००० हून जास्त चालणारे यांची काही वर्षांची माहिती शेजारी शेजारी ठेवून पाहिली गेली, आणि जेवढी ऊर्जा खर्च झाली तेवढ्याच प्रमाणात उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल, डायबेटिस यांचा धोका दोन्ही गटांत सारखाच कमी झालेला दिसला. अट फक्त "तेवढीच ऊर्जा" ही आहे, आणि तिथे वेळेचा हिशोब येतो. ६० किलोच्या माणसाला सपाटीवर १ किलोमीटर पळायला, बसल्याजागीचा खर्च सोडून, साधारण ६० कॅलरी लागतात, चालायला निम्म्या, ३० च्या आसपास. म्हणजे ५ किलोमीटर पळणाऱ्याची बरोबरी करायला चालणाऱ्याला १० किलोमीटर चालायला हवं, एकाचा पाऊण तासाच्या आत कार्यक्रम संपतो, दुसऱ्याला पावणेदोन तास. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने खुशाल चालावं. ज्याला सकाळी ७ ची लोकल पकडायची आहे त्याच्यासाठी पळणं हा वेळ वाचवायचा उपाय आहे.

आणि शतपावलीला कोणी कमी लेखू नये. जेवणानंतर १०-१५ मिनिटं सावकाश चाललं तरी पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, जेवणानंतर शुगर जी उसळते ती कमी उसळते. वयस्कर लोकांवर केलेल्या एका अभ्यासात तीन जेवणांनंतर प्रत्येकी १५ मिनिटं चालणं दिवसभराच्या साखरेसाठी सकाळच्या एकत्र ४५ मिनिटांइतकंच कामाला आलं आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्याने जास्त चांगली आटोक्यात राहिली. पण शतपावलीने व्हीओटू मॅक्स वाढेल ही अपेक्षा करू नका, तिचं काम वेगळं. तसंच वारीचं. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, जवळपास तीन आठवडे, यात पायांची, पाठीची, मनाची जी ताकद लागते ती जबरदस्त आहे, आणि शेतात आयुष्यभर राबलेल्या सत्तरीतल्या आजी ज्या सहजतेने चालतात ते बघून शहरातला माणूस गप्प होतो. लांबवर, मंद, सतत चालल्याने शरीर चरबी जाळून तासन्‌तास काम करायला शिकतं, टिकाव धरायला शिकतं. तरी कमाल क्षमतेचा वरचा टोकाचा भाग वाढवायला कधीतरी त्या टोकाच्या जवळ जावं लागतं, त्याला दुसरा मार्ग नाही.

मग ती १३ ते २७ ची दरी ओलांडायची कशी? मला स्वतःला हा सगळ्यात कामाचा भाग वाटतो कारण बहुतेक लोक नेमके या दरीतच उभे आहेत, चालणं सोपं झालंय आणि पळणं जमत नाही.

पहिला उपाय, चढ. चढावर चालताना सूत्रात आणखी एक हिस्सा वाढतो, वेग गुणिले चढाचं प्रमाण (१० टक्के म्हणजे ०.१) गुणिले १.८. म्हणजे ताशी ६ किलोमीटरने १० टक्के चढावर चाललात तर १३.५ मध्ये आणखी १८ मिळाले, ३१.५ झाले, हे ताशी ८ ने सपाटीवर पळण्यापेक्षाही थोडं जास्त भरतं! आणि पाय आपटणं जवळपास नाही. पुण्यातले लोक दर रविवारी सिंहगड चढतात ते उगाच नाही. आतकरवाडीतून वर जायचा रस्ता पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि चढाई साधारण ६०० मीटर, एका तासात चढलात तर हिशोब २६ मिलिलिटरच्या घरात येतो, म्हणजे सलग तासभर जवळपास जॉगिंगइतकं काम. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या, साताऱ्याचा अजिंक्यतारा, कोल्हापूरकरांचा जोतिबा, ज्याच्या गावाजवळ जे असेल ते. मुंबईत टेकडी नसेल तर बिल्डिंगचा जिना आहे, लिफ्टने खाली यायचं आणि परत चढायचं, गुडघ्यांना उतरतानाच जास्त ताण येतो त्यामुळे ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना हे सोयीचं. ट्रेडमिलवर चढ लावणार असाल तर एकच गोष्ट सांगतो, समोरचा दांडा धरून मागे रेलायचं नाही. दांड्याला लटकलात की शरीर पट्ट्याला काटकोनात जातं, वजन हातांवर येतं आणि मशीन दाखवतंय त्या कॅलरीतल्या बऱ्याचशा तुम्ही खर्चच केलेल्या नसतात.

दुसरा उपाय जपानमधून आलाय आणि तो मला फार आवडतो कारण त्याला काहीच लागत नाही. मात्सुमोतो शहरातल्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांना ३ मिनिटं जोरात आणि ३ मिनिटं सावकाश अशा आळीपाळीने चालायला लावलं. जोरात म्हणजे स्वतःच्या कुवतीच्या ७० टक्क्यांच्या वर, सावकाश म्हणजे ४० टक्क्यांवर, अशा पाच किंवा जास्त फेऱ्या, आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस, पाच महिने. दुसऱ्या गटाला दिवसाला ८००० पावलं, पण एकाच मध्यम वेगाने. २००७ मध्ये निकाल छापून आले. आळीपाळीने चालणाऱ्यांची एरोबिक क्षमता ८-९ टक्के वाढली, मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद १३ टक्के आणि मागच्या स्नायूंची १७ टक्के, ब्लडप्रेशरही जास्त उतरलं, आणि एकाच वेगाने ८००० पावलं चालणाऱ्यांमध्ये फारसा फरक नाही. पावलांचा आकडा पुरा करायच्या नादात आपण जो वेग विसरतो त्याचं हे उत्तर आहे. घड्याळात पावलं मोजत असाल तर दिवसाची एकूण बेरीज बघण्यापेक्षा मिनिटाला किती पडतात ते बघा. मिनिटाला १०० म्हणजे बहुतेक लोकांसाठी मध्यम व्यायाम, १३० च्या आसपास म्हणजे जोराचा.

वेगालाही मर्यादा आहे मात्र. ताशी सातच्या पुढे गेलात की चालणं अवघड व्हायला लागतं, पाय आपोआप पळायला बघतात आणि थोडं अजून पुढे गेल्यावर त्याच वेगाने पळण्यापेक्षा चालणंच महाग पडतं. चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू या महागड्या भागातच राहतात, २०२४ च्या ऑलिम्पिकला २० किलोमीटर चालणारे अव्वल पुरुष जेमतेम ८० मिनिटांत पोचले, ताशी १५ किलोमीटर, आपल्यातल्या नेहमी पळणाऱ्या कित्येकांनाही एवढा वेग फार वेळ धरता येणार नाही. त्यांच्या बाबतीत "चालणं म्हणजे हलका व्यायाम" हे वाक्य कोणी म्हणून दाखवावं. पण ते तंत्र वेगळं आहे, कंबर फिरवत, पुढचा पाय जमिनीला टेकताना त्याचा गुडघा सरळ ठेवून, आपण त्याच्या मागे लागायची गरज नाही.

तिसरा उपाय थोडं पळणं थोडं चालणं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस-पंचवीस मिनिटं. पळताना मागणी वर जाते, श्वास पुरता चढायच्या आत चालणं सुरू होतं, सरासरी बरोबर त्या दरीच्या मधोमध पडते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेचा शून्यापासून ५ किलोमीटरपर्यंत नेणारा ९ आठवड्यांचा प्रसिद्ध कार्यक्रम असाच सुरू होतो, पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं. ज्यांना वाटतं मध्ये चालणं म्हणजे हार, त्यांनी ते डोक्यातून काढून टाका, कित्येक लोक पूर्ण मॅरेथॉन सुद्धा ठरवून मध्ये मध्ये चालत व्यवस्थित पुरी करतात.

पळायला लागलात की सगळ्यात मोठी चूक होते ती वेगाची. नवीन माणूस पळतो म्हणजे सुसाट सुटतो, शाळेतल्या १०० मीटरच्या शर्यतीची तेवढीच आठवण असते ना. हळू पळा. इतकं हळू की शेजारचा झपझप चालणारा माणूस ओलांडून गेला तरी हरकत नाही, आणि तोंडातून पूर्ण वाक्य निघालं पाहिजे. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये हा मध्यम व्यायाम, दोनचार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय हा जोराचा. आठवड्याचं बहुतेक पळणं बोलता येईल असंच ठेवा आणि एखादा दिवस जोराचा. २०१४ मध्ये ५५,००० लोकांच्या १५ वर्षांच्या माहितीवरून असं दिसलं की दिवसाला फक्त ५ ते १० मिनिटं, तीही ताशी साडेनऊ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने पळणाऱ्यांमध्ये सुद्धा अजिबात न पळणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. अशा अभ्यासातून पळण्यामुळेच ते झालं असं शंभर टक्के म्हणता येत नाही, मुळात निरोगी असणारेच पळत असतील हेही आहे, पण थोडंसं पळणं वाया जात नाही एवढा धीर त्यातून नक्की मिळतो.

गुडघ्यांबद्दल आपल्याकडे फार भीती आहे. चालताना पायावर वजनाच्या सव्वापट भार येतो आणि पळताना अडीच-तीनपट, हे खरं. पण पळताना पावलं लांब पडतात त्यामुळे एका किलोमीटरला पावलं कमी लागतात आणि पाय जमिनीवर टेकलेला वेळही कमी, म्हणून किलोमीटरमागे गुडघ्यावरचा एकूण भार वाटतो तेवढा जास्त होत नाही. हौसेने, बेताने पळणाऱ्यांचे गुडघे न पळणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं मोठ्या अभ्यासांत दिसत नाही. खरा धोका वेगळा आहे. हृदय आणि रक्त काही आठवड्यांत सुधारतात, हाडं आणि स्नायूबंध यांना मजबूत व्हायला महिने लागतात. म्हणजे महिना-दीड महिन्यानंतर नेमकं असं होतं की दम पुरतोय, उत्साह आलाय, माणूस एकदम अंतर वाढवतो आणि नडगीत, टाचेत, गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला लागतं. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन डोळ्यासमोर ठेवून नोव्हेंबरात पळायला सुरुवात करणाऱ्यांची ही दरवर्षीची कहाणी आहे. दम आहे म्हणून अंतर वाढवू नका, पाय काय म्हणताहेत ते ऐका, आणि वजन बरंच जास्त असेल, आधीची गुडघ्याची दुखापत असेल तर चढावरचं चालणं हाच पहिला पर्याय ठेवा, त्यात कमीपणा काहीच नाही.

किती करायचं याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं म्हणणं सोपं आहे, मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, किंवा दोन्हींची सरमिसळ, जोराचं एक मिनिट म्हणजे मध्यमची दोन, आणि सोबत दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पूर्वी एका वेळी किमान १० मिनिटं तरी हवीत अशी अट होती ती आता काढून टाकली आहे, स्टेशनपर्यंत ५ मिनिटं झपाझप चाललात तरी तेही धरायचं. फक्त या सल्ल्यातलं "मध्यम" आणि "जोराचा" हे तुमच्या कुवतीवरच ठरतं हे विसरू नका, काकांचं जोराचं पुतणीला मध्यमही नसेल.

प्रगती होतेय का हे कळायला महागडं घड्याळ लागत नाही. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा, आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेगाने वीस मिनिटं चालून किंवा पळून थांबल्यावर लगेच नाडी मोजा. तेवढ्याच कामाला ठोके कमी पडायला लागले की इंजिन मोठं झालं समजा, आणि दोन-तीन महिने आकडा हललाच नाही तर चढ, वेग किंवा वेळ यातलं काहीतरी एक वाढवायची वेळ आली. ऋतू मात्र ध्यानात ठेवा. ऑक्टोबर हीटमध्ये, मुंबईच्या दमट हवेत किंवा नागपूरच्या एप्रिलमध्ये शरीर थंड ठेवायला बरंच रक्त त्वचेकडे जातं, त्याच वेगाला नाडी सहज दहा-पंधरा ठोके जास्त लागते, तेव्हा डिसेंबरच्या आकड्याशी तुलना करून निराश होऊ नका आणि वेग कमी ठेवा.

चाळिशी ओलांडलेली, शुगर किंवा बीपी, सिगारेट, घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक, यातलं काही असेल तर पळायला किंवा जोराच्या फेऱ्यांना सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. सपाटीवरच्या साध्या चालण्याने सुरुवात करायला सहसा अडचण नसते. व्यायाम करताना छातीत जडपणा, दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, डोळ्यापुढे अंधारी आली तर थांबायचं, "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून पुढे रेटायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि बीपीसाठी किंवा हृदयासाठी ज्यांना मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा बीटा ब्लॉकर गोळ्या चालू आहेत त्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट किंवा २२० वजा वय ही कमाल नाडीची सूत्रं वापरू नयेत, ती गोळी नाडीला वर चढूच देत नाही त्यामुळे जोर भरपूर लागत असताना आकडा कमीच दिसतो. त्यांच्यासाठी बोलता येतंय की नाही हीच मोजपट्टी बरोबर.